तांदळाचे चार डबे

आज दुपारी डबा उघडला आणि भात तसाच राहिला. जेवता जेवता मी पिएर लोतीचं पुस्तक वाचत होते.

फ्रेंच नौदलातला हा अधिकारी 1899-1900 मध्ये हिंदुस्थानात फिरला, आपलं वेरूळही पाहून गेला. 1903 साली त्याचं ‘इंग्रजांविना भारत’ आलं. त्यातलं राजस्थानचं प्रकरण, छपन्न्याच्या, म्हणजे विक्रम संवत 1956 मधल्या दुष्काळातलं.

गाडी स्टेशनात थांबली की कुंपणापलीकडून पोरांचा आवाज येतो, गाण्यासारखा, एका सुरात. नुसती हाडं राहिलेली पोरं भीक मागताहेत. आणि त्याच गाडीला मागे तांदळाने भरलेले चार डबे. पोरांना त्यातली मूठभरही मिळणार नाही. तो तांदूळ शहरात चाललाय, जिथे लोकांकडे अजून पैसे आहेत.

चार डबे. त्याने मोजलेत. तेच दिवसभर मनातून जाईना.

एरवी लोतीची भाषा मला फार सजवलेली वाटते, संध्याप्रकाश आणि उदबत्तीच्या धुरात बुडालेली. इथे त्याने नुसतं पाहिलंय आणि लिहून ठेवलंय. म्हणजे धान्य होतं, आगगाडीही होती, आणि तरी पोरं मेली.

तो दुष्काळ आपल्या दख्खनेतही होता. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस त्याबद्दल काही सांगायचं का?