गाडी आडवी घालताना

मोटारींच्या शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये ड्रिफ्ट शिकणे हा, व्यवहाराने पाहिले तर, निव्वळ बिनकामाचा उद्योग आहे. कोरड्या डांबरावर मागची चाके घसरू देत वळण घेणे म्हणजे जाणूनबुजून वेग घालवणे. टायरची पकड न सोडणारी गाडी तेच वळण लवकर पार करते. तरीही ‘ग्रान टुरिस्मो ७’मधल्या त्सुकुबा या जेमतेम दोन किलोमीटरच्या जपानी ट्रॅकवर गाडी आडवी घालून ती सुखरूप सरळ करण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या आहेत.

गाडी म्हणाल तर टोयोटाची १९८३ सालची स्प्रिंटर ट्रुएनो, म्हणजेच चाहत्यांची लाडकी एई८६: इंजिन १.६ लिटरचे, वजन टनाच्या आत आणि सगळा जोर मागच्या चाकांना. शिकायला अशी बेताच्या ताकदीचीच गाडी बरी, कारण तिचा तोल जातो तोही जरा सावकाश. आधी ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाके घसरू न देणारी मदत, शून्यावर आणायचे आणि कमी पकडीचे टायर चढवायचे. पहिल्याच उजव्या वळणाआधी ब्रेक दाबला की भार पुढे येतो, मागची चाके हलकी होतात, आणि त्याच क्षणी स्टिअरिंग आत वळवून हँडब्रेकचा झटका दिला की गाडीचा मागचा भाग बाहेर निघतो. इथवर कोणालाही जमते. पुढे मात्र गाडी उजवीकडे फिरत असताना स्टिअरिंग डावीकडे द्यायचे आणि ॲक्सिलरेटर ना सोडायचा, ना पुरता दाबायचा. एकदम सोडला तर मागच्या टायरांची पकड अचानक परत येऊन गाडी उलट दिशेला फेकली जाते. जास्त दाबला तर ती स्वतःभोवती गिरकी घेते. उतू जायच्या बेतात आलेल्या दुधाखालची आच राखावी, तसे कंट्रोलरच्या उजव्या ट्रिगरवर, म्हणजे ॲक्सिलरेटरवर, बोट राखावे लागते. नवशिक्याचे सारे लक्ष स्टिअरिंगवर असते, पण ड्रिफ्ट टिकतो तो या एका बोटावर.

त्यात डोळ्यांची पंचाईत वेगळीच. बॉनेटवरच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर पडद्याच्या मधोमध आतले गवत दिसते आणि गाडी ज्या दिशेने खरोखर सरकत असते, ती दिशा पार डाव्या कडेला गेलेली असते. ‘‘काका, गवत कशाला बघता, रस्ता बघा,’’ असे पुतण्या सोफ्यावर लोळत सांगतो, ते बरोबर असले तरी त्या क्षणी ऐकवत नाही.

मूळ विद्या जपानचीच. मोटरसायकलची जागतिक ग्रांप्री शर्यत १९६१ मध्ये जिंकणारे पहिले जपानी कुनिमित्सु ताकाहाशी पुढे मोटारींकडे वळले आणि सत्तरच्या दशकात वळणांवर गाडी घसरवत नेऊ लागले. त्यांचे पाहून केइची त्सुचिया यांनी ती कला घाटरस्त्यांवर घोटली, तीही एई८६ घेऊन. गेममध्ये हा घसरण्याचा थाट १९९३ च्या ‘रिज रेसर’नेही दाखवला, पण तिथे गेमच खेळाडूला सांभाळून घेतो. असली फुकटची शाबासकी मला फार वेळ रुचत नाही.

सध्या गाडे अडले आहे ते लागोपाठच्या डाव्या-उजव्या वळणांत, जिथे एक घसरण संपायच्या आत गाडीला झोका देऊन दुसऱ्या बाजूला टाकावे लागते. अधूनमधून जमते. जमले की मी पुतण्याला बोलावून रिप्ले दाखवतो, आणि तो धूर फारच कमी निघाल्याची तक्रार करतो.