कधीपासून?

मंगळवार, रात्री

मी मानसोपचार विभागात सोशल वर्कर. नव्या पेशंटची केस हिस्ट्री डॉक्टरांच्या आधी माझ्याकडे. "हे कधीपासून सुरू झालं?" याला कुणी तारीख सांगत नाही. शिरोळ तालुक्यातली माणसं पुरावरून मोजतात, २०१९ चा की २०२१ चा. जोतिबाच्या डोंगराजवळची चैत्र यात्रेवरून, बाकीची ऊसतोडीवरून. आजची मावशी मुलाला घेऊन आलेली, म्हणाली, "मोठ्या पुराचं पाणी वसारलं, त्याच्या म्होरल्या उन्हाळ्यात बघा. आदी झोप गेली. मग टीव्ही बंद कर म्हणायचा, माझंच नाव घेत्यात म्हणून." २०२० चा उन्हाळा म्हणजे लॉकडाऊन, यंत्रमाग बंद, तो घरात बसून. फाईलमध्ये हे सगळं लिहिलं. नुसतं 'चार-पाच वर्षांपासून' लिहिलं असतं तर यातलं काहीच उरलं नसतं.

आधी नरसोबाच्या वाडीच्या दत्ताला पौर्णिमा केल्या, मग इकडं आले. यावर आमच्याकडे काहीजण हसतात. मला हसू येत नाही. पोराला घेऊन खेपा घालणारी आई उपचार टाळत नव्हती, तिला माहीत होतं तिथं ती जात होती.

जुन्या कागदावर शेरा होता, 'औषधे स्वतःहून बंद. समज कमी.' समज कुणाची कमी, हे विचारावंसं वाटलं. मुलगा इचलकरंजीत मागावर कामाला. गोळ्या सुरू झाल्या तशी भ्रमाची भीती गेली, झोप लागली; पण हात थरथरायला लागले. ताण्यातला धागा तुटला की गाठ मारायची, ती त्याला बसेना. मागावरची मजुरी कापडावर. कापड कमी तर पैसे कमी, आणि शेठ दुसरा माणूस बघणार. म्हणून त्यानं गोळ्या सोडल्या, काम राहावं म्हणून. हात थरथरणं हा त्या जातीच्या जुन्या औषधांचा नेहमीचा दुष्परिणाम. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. पण ते कुणी विचारलं तर! डॉक्टरांना मी रोगाचं काही सांगितलं नाही, गाठीचं सांगितलं. त्यांनी औषध बदललं.

डिस्चार्जनंतरच्या प्रवासाचंही विचारलं. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, त्यामुळं मावशी एकटी येऊन गोळ्या नेऊ शकते. पोराला आणायचं तर त्याचं पूर्ण तिकीट आणि त्याचा खाडा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जवळच्या सरकारी दवाखान्यात येत असेल तर महिन्याच्या गोळ्या तिथंच मिळतील. पथकाचा वार उद्या विचारून घेते.

सध्या त्याला दाखल करून घ्यायचं ठरलं, त्या ॲडमिशनला मात्र वेळ गेला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं पेशंटला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या बाबतीत त्याच्या बाजूनं उभं राहणारा, सही करणारा माणूस, नेमता येतो. साध्या कागदावर लिहायचं, सही किंवा अंगठा. यानं थोरल्या भावाला सोडून तालमीतल्या मित्राचं नाव दिलं. भाऊ चिडला. "खर्च आमी करायचा आन् सही त्यानं करायची व्हय?" त्याचंही चूक कसं म्हणू? रात्र-रात्र जागरण त्यानंच काढलंय. घरच्यांना निर्दयी ठरवणं सोपं असतं. मला ते कॉलेजात फार सोपं वाटायचं. त्याला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं, की दादा, सही मित्राची असली तरी घर तुमचंच आहे, डिस्चार्जनंतर तो तुमच्याकडंच येणार. किती पटलं कोण जाणे. चहा मात्र त्यानंच पाजला.

(गंमत म्हणजे याच कायद्याच्या व्याख्येनुसार मी 'सायकियाट्रिक सोशल वर्कर' नाहीच. त्याला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचं एम.फिल. लागतं. मावशीला यातलं काही सांगितलं नाही. तिच्या लेखी मी 'चिठ्ठीवाली बाई'.)

मित्र संध्याकाळी आला, पाळी संपवून, केसांत कापसाची पूड. कलम ८९ म्हणजे काय ते त्याला सांगितलं, प्रतिनिधीच्या अर्जावरून पेशंटला दाखल करून घेणं. जास्तीत जास्त तीस दिवस, आणि मधल्या काळात पेशंटला स्वतःलाही पुनर्विलोकन मंडळाकडे, म्हणजे ॲडमिशन योग्य आहे का ते तपासणाऱ्या मंडळाकडे, अर्ज करता येतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग शेठला काय सांगू? काविळीनं झोपलाय म्हणू?"

मावशीचं म्हणणं वेगळं. मी स्वतः शेठला फोन करावा, दवाखान्यातून फोन गेला की जागा राहील. राहीलही. पण आजाराची माहिती पेशंटच्या संमतीशिवाय बाहेर द्यायची नाही, आणि आज तो संमती देण्याच्या मनःस्थितीत नव्हता. उद्या राऊंडच्या आधी, शांत असला तर, त्यालाच विचारते. नको म्हणाला तर फोन नाही, आणि मग अख्खी दुपार मावशीला समजावण्यात जाणार. पथकाच्या वाराचं त्याआधीच उरकायला हवं.