फिरकीचा तांब्या

परवा दुपारी माळ्यावरनं सांडग्यांचा डबा काढायला चढले आणि बाबांचा फिरकीचा तांब्या हाती लागला. हिरव्या कळंकानं फिरकी अशी गच्च बसलीय की मी आणि पक्कड, दोघींनीही हात टेकले. हे आत घोरत होते.

तांब्या मांडीवर घेऊन बसले आणि डिसेंबरातलं मालवण आठवलं. लेकीनं खोली बुक करून दिलेली, दोघंच जाऊन या म्हणून. गाडीच्या डिकीत ह्यांनी सगळ्यात आधी काय ठेवलं असेल? राकसकोपच्या, म्हणजे आमच्या बेळगावच्या नळाच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन.

"अहो, मालवणात पाणी नसतंय होय?"

"असतंय की. पण आपल्यासारखं नसतंय."

नळाला चार दिवसांनी पाणी आलं की टिळकवाडीत शिव्या घालणारे हेच. शिनोळीला हद्द ओलांडली, पाट्या मराठी झाल्या, की त्याच पाण्याचं अमृत होतं.

बाबाही असलेच. मे महिन्यात वेंगुर्ल्याला आत्याकडं जायचं तर तांब्या माझ्या मांडीवर. आटे झिजलेले, त्यामुळं आंबोलीची वळणं लागली की फ्रॉक ओला. एसटीतल्या बायका माझ्याकडं बघून हसायच्या आणि मला ओरडून सांगावंसं वाटायचं, तांब्याचं आहे हो! पण तोंड उघडायची सोय नसायची, नाकाशी लिंबू धरलेलं. वाटेत तांब्या भरायचा तर तो फक्त आंबोलीत. हिरण्यकेशी तिथं उगवते आणि पुढं संकेश्वरला आपल्याच जिल्ह्यात येते, म्हणून ते पाणी बाबांना चालायचं. नाहीतरी आपल्याकडंच निघालेलं.

तर मालवण. कॅन डिकीत, बाटली जेटीवरच्या बाकावर आणि आम्ही होडीत. सिंधुदुर्गाचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. होडी आता तटावर आपटणार असं वाटतं तेव्हा कुठं सापडतो. आत गेल्यावर ह्यांना इतिहास चढला. २५ नोव्हेंबर १६६४ ला काम सुरू, तीन वर्षांत किल्ला उभा, पायात शिसं ओतलेलं. आमच्या घरातलं न्हाणीघर चार महिने चाललं होतं, हे मी मनातल्या मनात म्हटलं. महाराजांच्या हाताच्या ठशापाशी मात्र दोघंही गप्प झालो. चुन्यातला तो पंजा आपल्या पंजाएवढाच दिसतो. मी नकळत माझा हात उघडून पाहिला.

तटावरून चालताना ऊन तापलं आणि ह्यांचा घसा सुकला. चहूकडं समुद्र, बाटली जेटीवर. किल्ल्यात राहणाऱ्या एका बाईंनी अंगणात कोकम सरबत मांडलं होतं. ह्यांनी पेला हातात घेतला, उन्हात धरून बघितला आणि विचारलंच, "पाणी कुठलं?"

बाईंनी मान वर केली नाही. "बावीचाच. आणि खयचा?"

दूधबाव, साखरबाव, दहीबाव. भर समुद्रात तीन गोड्या विहिरी. नावं ठेवणाऱ्यानं काय जेवणाचं ताट समोर ठेवून नावं ठेवली का काय! ह्यांनी एक घोट घेतला, थांबले, पेला रिकामा केला. मग नुसतं पाणी मागितलं. मग आणखी एक. तारीफ वगैरे नाही, फक्त मिशी पुसली. मीही विचारलं नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली की काही प्रश्न विचारायचे नसतात.

कॅन तसाच भरलेला घरी आला, तो तुळशीला घातला. खाजाचा पुडा मात्र आंबोली चढायच्या आतच संपला.

हे सगळं आठवत तांब्या नुसता फिरवत बसले होते. सहज कानाशी धरून हलवला. आत काहीतरी डुचमळल्यासारखं वाटलं. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.

ह्यांना उठवायला निघाले होते. मग नाही उठवलं. तांब्या परत माळ्यावर ठेवला, सरळ, आडवा होणार नाही असा.