सबस्क्रिप्शन सुरू करताय? आधी बँकेचा स्क्रीन बघा

आपल्या ॲपसाठी किंवा सेवेसाठी ऑनलाइन सबस्क्रिप्शन सुरू करताना बहुतेकांची सगळी मेहनत किमतीच्या पानावर जाते. ग्राहक विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवतो ते मात्र दुसरीकडेच: ऑटोपे मंजूर करायच्या स्क्रीनवर, पैसे कापण्याआधीच्या मेसेजवर आणि बँकेच्या स्टेटमेंटवर. तिथला मजकूर आधी पक्का करा.

समजा, दुकानदारांसाठी हिशेबाचं ॲप आहे आणि महिन्याला 499 रुपये. अनेक जण मँडेटची, म्हणजे खात्यातून दर वेळी आपोआप पैसे कापायला ग्राहक देतो त्या मंजुरीची, कमाल मर्यादा सरळ 15,000 टाकून मोकळे होतात, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तेवढ्या रकमेपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना दर वेळी पिन किंवा ओटीपी लागत नाही. पण ग्राहकाला यूपीआय ॲपमध्ये ‘15,000 रुपयांपर्यंत’ असं दिसतं आणि तो तिथूनच मागे फिरतो. त्याचं बरोबरच आहे. मर्यादा 499 च ठेवा. पुढे दर वाढवलात तर नव्याने मंजुरी घ्यावी लागेल, काही ग्राहक त्या वेळी गळतील. तो तोटा सोसावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

499 म्हणजे करासकट 499. शेवटच्या पायरीवर 18 टक्के जीएसटी चढवून 588.82 दाखवणं हे ‘ड्रिप प्रायसिंग’ झालं, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2023 च्या डार्क पॅटर्नविषयक (ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या मांडणीविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याला मनाई आहे. बिलावर फोड द्या: मूळ रक्कम 422.88, सीजीएसटी 38.06, एसजीएसटी 38.06. ग्राहक परराज्यातला असेल तर आयजीएसटी 76.12.

पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना जाणं बंधनकारक आहे. वार्षिक प्लॅनला एवढ्यावर भागत नाही. वर्षभरात माणूस विसरलेला असतो. सात दिवस आधी स्वतःची वेगळी मेल पाठवा. त्यात रक्कम, तारीख आणि रद्द करायची थेट लिंक हवी. मोफत चाचणी संपतानाही तेच करा.

स्टेटमेंटवर ॲपच्या नावाऐवजी कंपनीचं नोंदणीकृत नाव उमटलं की ग्राहक व्यवहार ओळखत नाही आणि थेट बँकेत तक्रार करतो. पेमेंट गेटवेला, म्हणजे ग्राहकाचे पैसे तुमच्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीला, विचारून नाव बदलून घ्या. सुरुवातीआधी दोन-तीन बँकांच्या कार्डांवरून आणि यूपीआयवरून खरे पैसे भरून नाव कसं दिसतं ते बघा.

रद्द करण्यात हमखास घोळ होतो तो दोन्हीकडच्या नोंदी न जुळल्यामुळे. ग्राहकाने तुमच्या ॲपमध्ये ‘रद्द’ दाबलं, पण तुम्ही मँडेट रद्द करायचा आदेश गेटवेला पाठवलाच नाही, तर त्याच्या यूपीआय ॲपमध्ये ते चालूच दिसतं. त्याला ती फसवणूकच वाटणार. उलट, त्याने यूपीआय ॲपमधून मँडेट काढून टाकलं तर ती सूचना तुमच्या सिस्टिमने पकडायला हवी, नाहीतर थकबाकीचे मेसेज जात राहतात. गेटवेकडून एकच वेबहुक (व्यवहार झाल्याचा तुमच्या सिस्टिमला येणारा आपोआप संदेश) दोनदाही येतो, म्हणून पेमेंट आयडी आधी नोंदलेला आहे का हे तपासूनच पुढची नोंद करा. नाहीतर एका महिन्याची दोन बिलं निघतात.

रिफंड दिलात तर क्रेडिट नोट (आधीच्या बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद) काढा, आणि ‘पैसे परत केले’ एवढ्यावर थांबू नका. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक ग्राहकाला कळवा: यूपीआय असेल तर आरआरएन, कार्ड असेल तर एआरएन. पैसे दिसले नाहीत तर बँक त्याच क्रमांकावरून माग काढते.