तुम्ही विचारलंत म्हणून: दीड वर्षाच्या राजपुत्राचं एवढं काय?

ब्राझीलच्या साम्राज्यावर कुठेही बोलले की नंतर कुणीतरी विचारतंच: सम्राटाचा मुलगा पेद्रू आफोंसो, दीड वर्षाचा होऊन गेलेलं ते बाळ, त्याच्यापाशी तुम्ही इतक्या का थांबता? गादीला मुलगी होती की! आणि मग आवाज खाली आणून दुसरा प्रश्न, घरचं काही आहे का यामागे? दुसऱ्याचं उत्तर मी आजवर टाळलं. आज दोन्ही देते.

मुलगी होती. इझाबेल, जन्म १८४६चा. १८२४च्या राज्यघटनेत मुलाला आधी मान होता, पण मुलगा नसेल तर गादी मुलीची, हे स्पष्ट लिहिलेलं होतं. शिवाय सम्राट दुसरे पेद्रू यांची सख्खी बहीण मारिया त्याच काळात पोर्तुगालची राणी होती, म्हणजे आम्हा गोंयकारांचीही. रियोत जन्मलेल्या बाईच्या नावानं पणजीचा कारभार चालत होता. बाई राज्य करू शकते का, हा प्रश्न निदान पेद्रूंना तरी पडायला नको होता.

त्यांचं दुःख मी कमी लेखत नाही. आई गेली तेव्हा ते वर्षाचे होते. पाचव्या वर्षी वडील गादी सोडून युरोपला गेले ते पुन्हा दिसलेच नाहीत. अशा माणसाला पहिला मुलगा झाला, आफोंसो. तो जून १८४७मध्ये गेला, सव्वादोन वर्षांचा. सम्राज्ञी तेव्हा पोटुशी होती, महिन्याभरानं धाकटी लिओपोल्दिना जन्मली. १८४८च्या जुलैत पेद्रू आफोंसो झाला आणि गादीला पुन्हा मुलगा मिळाला. १८५०च्या जानेवारीत, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, सांताक्रूझच्या वाड्यावर तोही तापानं गेला. बाप चोवीस वर्षांचा. त्यानं मुलावर सुनीत लिहिलं. मारियाच्या नवऱ्याला पत्र लिहिलं: हा घाव जिवावरचा आहे, पत्नी आणि दोन मुली नसत्या तर मी जगलो नसतो, त्या मुलींना देशाचं भलं करता येईल असं शिकवायचं आहे.

शिकवलंही. भाषा, इतिहास, विज्ञान, काही कमी ठेवलं नाही. पण राज्याचे कागद इझाबेलसमोर ठेवले नाहीत. परदेशी जाताना तीनदा कारभार तिच्या हाती दिला, परतल्यावर तिला पुन्हा घरात बसवलं. पहिल्या खेपेला, १८७१मध्ये, गुलाम आईच्या पोटी पुढे जन्मणारी मुलं स्वतंत्र ठरवणाऱ्या कायद्यावर तिची सही झाली. तिसऱ्या खेपेला, १३ मे १८८८ला, गुलामगिरीच संपवणाऱ्या कायद्यावर. तरी १५ नोव्हेंबर १८८९ला लष्करानं सत्ता घेतली तेव्हा पेद्रूंनी प्रतिकार केला नाही. तिच्यासाठीही नाही.

आता घरचं.

माझा भाऊ माझ्याआधी जन्मला आणि चालायला लागायच्या आत गेला. बाबांचं फोंड्याकडे कुळागर होतं, म्हणजे पाटाच्या पाण्यावरची सुपारी-नारळाची बाग. मी त्यातच वाढले. पाटाचं पाणी कुठल्या वाफ्याला कधी फिरवायचं, नारळ उतरवायला पाडेली कधी बोलवायचा, सुपारी किती उन्हं द्यायची, हे मला बाबांनीच शिकवलं. आई गेल्यावर कुळागरातला तिचा अर्धा हिस्सा माझ्याकडे आला. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. त्याच वर्षी बाबांनी कुळागर विकायला काढलं. घेणारा घरी आला, मी चहा घेऊन बाहेर आले, आणि बाबा त्याला म्हणाले, "माझ्यामागे बघणार कोण?" मी तिथेच उभी होते. सकाळी मजुरांचा हिशोब मीच पुरा केला होता. बाबांच्या बोलण्यात राग नव्हता, मला टोमणाही नव्हता. पाऊस आला म्हणावं तसं ते म्हणाले. कायद्यानं माझी सही लागत होती, माझ्या नवऱ्याची लागत होती. सब-रजिस्ट्रारकडे बाबांनी पान उलटून कुठे सही करायची ते बोटानं दाखवलं. मी केली. मी आहे ना, असं म्हणाले नाही. त्यांनी मला कधी कमी मानलं नव्हतं, कॉलेजात पाठवलं होतं, चारचौघांत माझं कौतुक करायचे. तेच माणूस, आणि तेच वाक्य. या दोन गोष्टी मला अजून एकत्र बसवता येत नाहीत.

घरातलं शल्य घेऊन मी दुसऱ्या देशाचा इतिहास वाचते, असं यावर कुणी म्हणेल. म्हणू द्या. कागद माझ्या आधीपासून आहेत. चाळिशीत मी लिहिलं होतं की ब्राझीलचं साम्राज्य १८५०च्या जानेवारीतच संपलं. आज मी चाळिशीतल्या त्या बाईशी, म्हणजे माझ्याशीच, भांडते: लष्कराचा असंतोष कुठे गेला? गुलाम सुटल्यावर राजाकडे पाठ फिरवणारे मळेवाले कुठे गेले? पुढचं चाळीस वर्षांचं राज्य एका पाळण्याला कसं टांगतेस? ती म्हणते, असंतोष इतर राजांनीही पाहिला, पण वाचवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत होतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

इझाबेलला तरी गादी हवी होती का, असंही तुम्ही विचारता. घर, मुलं, देवधर्म यांत तिचं मन जास्त रमायचं, हे खरं. पण जे कधी आपलं म्हणून समोर ठेवलंच नाही, ते हवंसं कसं व्हावं? मला कुळागर हवं होतं का, हेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. सहीच्या दिवशी हवं होतं. त्याआधी कधी तसा विचारच केला नव्हता.

आणि पेद्रूंचं ते पत्र. मुलींना देशासाठी घडवायचं, हे त्यांनी मनापासून लिहिलं होतं असं मी कित्येकदा ठरवते. मग पुढची एकोणचाळीस वर्षं वाचते आणि ठरवलेलं मोडतं.