पट्ट्या असू द्यात

रविवारी दुपारी आमटी-भात अंगावर आलेला असताना टीव्हीवर 'श्री ४२०' (१९५५) लागतो आणि नर्गिसचे गाल सुजलेले दिसतात. राज कपूर बसका, छत्री तंबूएवढी. एवढ्या रुंद छत्रीखाली दोघं भिजतातच कशी, असा प्रश्न पडावा.

दोष रिमोटचा. त्या काळातल्या बहुतेक सिनेमांची चौकट चौरसाकडे झुकणारी, रुंदी उंचीच्या १.३७ पट. आताचा टीव्ही १.७८ पट. सेटिंग 'फुल'वर असलं की माणसं तीस टक्के आडवी ताणली जातात. घरोघरी हे असंच चालतं, कारण दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या कुणाला बघवत नाहीत. एवढे पैसे मोजून घेतलेला टीव्ही, त्याचा कोपरा न् कोपरा वसूल व्हायला हवा!

काही जण ताणत नाहीत, 'झूम' करतात. मग गाल जागेवर राहतात, पण उंचीतला जवळपास चौथा हिस्सा जातो. वरून भांग, खालून पावलं. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) असा पाहणं म्हणजे पायल सोडून बाकी सगळं पाहणं. खरं सांगायचं तर त्या सिनेमात गोपीकृष्णच्या पायांखेरीज बघण्यासारखं फारसं नाही. गोष्ट पापडासारखी, रंग होळीचे. पायच कापले तर उरलं काय?

चित्र बरोबर आहे की नाही, हे ओळखायला चेहरे बघू नयेत, चेहऱ्यांची डोळ्याला सवय होते. गोल वस्तू शोधावी. 'दो बिघा जमीन'मधलं (१९५३) रिक्षाचं चाक त्यासाठी उत्तम. चाक अंड्यासारखं आडवं दिसलं तर पिक्चर साइजमध्ये जाऊन ४:३ करावं. चॅनेलनेच ताणून पाठवलं असलं तरी या उपायाने चाक गोल होतं. कापून पाठवलं असेल तर मात्र इलाज नाही. आणि पट्ट्यांसकट नीट पाठवलेल्या चित्रावर पुन्हा ४:३ दाबलं, तर बलराज साहनी आहे त्याहून उपाशी दिसायला लागतो. जुन्यांतला हा एक सिनेमा आजही पाहताना कुठे सांभाळून घ्यावं लागत नाही. साहनी रिक्षा ओढतो तेव्हा दम खरोखरच लागलेला दिसतो.

'कागज के फूल'ची (१९५९) गोष्ट उलटी. आपल्याकडचा हा पहिला सिनेमास्कोप, रुंदी २.३५ पट, त्यामुळे पट्ट्या वर आणि खाली. इथे झूम केलं की दोन्ही कडांचा मिळून चौथा हिस्सा जातो, आणि गुरुदत्त आणि त्याचा कॅमेरामन मूर्ती या जोडीने नेमकं कडांनाच काम दिलेलं आहे. 'वक्त ने किया' या गाण्यात गुरुदत्त आणि वहिदा रहमान लांब लांब उभी, मध्ये रिकामा स्टुडिओ आणि वरून उतरणारा उजेडाचा झोत. तो झोत दिव्याचा नव्हे, उन्हाचा. व्ही. के. मूर्तींनी मोठ्या आरशांवरून ऊन परतवून स्टुडिओत आणलं. कडा कापल्या की माणसं जातात आणि धूळ उरते. बाकी सिनेमा रेंगाळतो, हे कबूल करायला लाजू नये. जॉनी वॉकरची घोड्यांच्या शर्यतीची भानगड तर दुसऱ्याच सिनेमातून चुकून आल्यासारखी वाटते. 'प्यासा' (१९५७) कितीतरी घट्ट, त्यात त्याची तेलमालीशसुद्धा गोष्टीत मुरलेली.

कानांचंही असंच. सिनेमा सेकंदाला २४ चौकटी चालतो, दूरदर्शनची पद्धत २५ची. त्यामुळे १६० मिनिटांचा सिनेमा टीव्हीवर सुमारे साडेसहा मिनिटं आधीच संपायचा, आणि गाणी चढायची. तीही धड एका सुराने नाहीत. पेटीवरच्या काळी एकमधलं गाणं पांढरी दोनकडे निघायचं आणि पोचायच्या आत थांबायचं. शनिवारच्या मराठी सिनेमाबरोबर पेटी धरू पाहणाऱ्यांचे सूर जुळेनात, त्यात त्यांचा काही दोष नव्हता. त्या वेळच्या कॅसेटींवरून उतरवलेल्या प्रती अजून फिरतात, लताबाई त्यांत थोड्या घाईत असतात.

रंगवलेला 'मुघल-ए-आझम' हा तर निव्वळ नतद्रष्टपणा. १९६०च्या मूळ प्रतीत बराच वेळ काळं-पांढरं बघितल्यावर शीशमहलात एकदम रंग फुटतो. २००४मध्ये सगळाच रंगवला. आता अनारकली सरळ एका रंगीत खोलीतून दुसऱ्या रंगीत खोलीत जाते.

'श्यामची आई'बद्दल (१९५३) काही बोलायची सोय नाही. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक, वर अत्रे. तरी हळूच म्हणतो, रडवण्याचा हट्ट जरा जास्त आहे. वनमालाबाई नुसत्या गप्प असतात तेव्हा जे होतं, ते संवाद सुरू झाले की पातळ होतं.

आणि हो, तो ठिपका. थिएटरात सिनेमाची रिळं दोन प्रोजेक्टरांवर आलटून पालटून चालायची. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांचं. ते संपत आलं की उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एक ठिपका उमटतो, चारच चौकटी, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. ऑपरेटरने दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, की बदल. हाताळणी रिळाच्या टोकांनाच जास्त, म्हणून ओरखड्यांचा पाऊसही तिथेच आणि शब्दाचा घास गिळल्यासारखे संवादही तिथेच. यंत्रं भंगारात गेली, ऑपरेटर गेले, ठिपके मात्र प्रतींवर तसेच राहिले.

एकदा दिसला की मग सिनेमा बाजूला राहतो आणि नजर त्या कोपऱ्यातच बसते. झूम केलेल्या टीव्हीवर तो कापला जातो. झूमचा तेवढा एक फायदा म्हणायचा.