तीस चिंचोक्यांचा प्रश्न

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत शनिवारी जेवणं उरकली की पोकर सुरू होतो. चिप्स म्हणून चिंचोके. आधी त्यांना काडीची किंमत नव्हती, त्यामुळे कोणी फोल्डच करेना, म्हणजे पानं टाकून डाव सोडेना. सत्ती-दुर्री हातात घेऊनही मंडळी शेवटच्या पानापर्यंत ठाण मांडून बसायची. मग ठरलं, ज्याचे चिंचोके सगळ्यांत कमी, त्याच्याकडून रविवारी सकाळी सगळ्यांना मिसळ. तेव्हापासून लोक पानं टाकायला शिकले.

परवा माझ्या हातात बदामचा एक्का आणि बदामची सत्ती. समोर सगळ्यांच्या सामाईक पाच पानांपैकी चार उघडी: बदामची नव्वी, बदामची चौकी, किलवरचा राजा आणि चौथं पान इस्पिकची दुर्री. पाचव्या पानाला आणखी एक बदाम आलं की फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं. मधे 60 चिंचोके जमलेले, आणि सी विंगमधल्या वहिनींनी शांतपणे 30 लावले.

बायको कानाशी म्हणाली, "एवढे घातलेत, आता काय सोडता!" माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली. बुडीत खातं वाचवायला त्याच माणसाला नवं कर्ज देताना लोक अगदी हेच बोलतात. मधे गेलेले चिंचोके माझे राहिलेच नव्हते. प्रश्न फक्त पुढच्या 30 चा.

वहिनींच्या 30 वर माझे 30 भरले तर एकूण 120 होणार, म्हणजे चारातून एकदा तरी जिंकायला हवं, 25 टक्के. न दिसलेली पानं 46, त्यात बदामं 9, म्हणजे साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास. परवडत नाही. वहिनींनी 10 लावले असते तर साडेबारा टक्क्यांत काम भागलं असतं आणि मी डोळे झाकून भरले असते. किती लावायचे हे ठरवताना त्यांनी माझा भाव ठरवला होता. (त्या शाळेत गणित शिकवायच्या, हे सांगायचं राहिलंच.)

पण वहिनींकडे नुसती राजांची जोडी असेल तर? मग उरलेले तीन एक्केही माझ्या कामाचे, कारण एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीला हरवते. 12 पानं, 26 टक्के, आणि भरणं जेमतेम बरोबर ठरतं. उलट त्यांच्याकडे दोन जोड्या किंवा तिक्कल (तीन सारखी पानं) असेल तर एक्का निरुपयोगी, शिवाय एखाद-दुसऱ्या बदामानं त्यांचंच फुल हाऊस (तिक्कल आणि जोडी) होतं, जे फ्लशला हरवतं. म्हणजे शेवटी वहिनी कशा खेळतात यावर सगळं आलं. नुसत्या जोडीवर त्या चौथ्या पानाला कधी चिंचोके लावत नाहीत. चेक करून, म्हणजे काहीच न लावता, दुसऱ्याला बोलू देतात. गप्पा थांबवून, चष्मा वर करून लावले की हात भक्कम असतो.

मी पानं टाकली. बायकोनं कपाळावर हात मारला आणि न राहवून वहिनींना विचारलंच, काय होतं तुमच्याकडे? वहिनी चिंचोके गोळा करत म्हणाल्या, "तीस भरले असते तर दाखवलं असतं."